आयएसएसएन म्हणजे मान्यता नव्हे

अचलपूरच्या हौज कटोऱ्यावरचा माझा लेख एका संशोधनपत्रिकेने दोनच दिवसांत स्वीकारला. सोबत शुल्काची मागणी. विद्यापीठाबाहेरच्या माणसाला हुरळून जायला एवढे पुरे. पण परीक्षकाचा एकही शेरा नव्हता, तिथे पाल चुकचुकली. अंकावर आयएसएसएन होता. तो केवळ ओळखक्रमांक, गुणवत्तेची हमी नव्हे. संपादक मंडळातल्या एका प्राध्यापकांना विचारले, तर आपले नाव तिथे असल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते! लेख मागे घेतला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ पत्रिका वगळल्या. नंतरची ‘केअर’ यादीही २०२५मध्ये बंद केली. आता पारख आपणच करायची. जुने अंक वाचा, संपादकांना विचारा, परीक्षणाआधीच पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा. तिथे एकदा छापलेला लेख चांगली पत्रिका पुन्हा घेत नाही.