नव्व्याण्णव रुपयांचा शुक्रवार

गणपती मंगळवारी गेले होते. 20 सप्टेंबर 2024च्या शुक्रवारी सकाळी मी घराबाहेर पडले, तेव्हा कोथरूडच्या रस्त्याकडेला मांडवांचे बांबू अजून टेम्पोत चढत होते. पितृपंधरवडा लागलेला, म्हणजे नव्या कामाला हात न घालण्याचे दिवस. पण त्या दिवशी राष्ट्रीय चित्रपट दिन होता. देशभरातल्या चार हजारांहून अधिक पडद्यांवर साध्या खुर्चीचं तिकीट 99 रुपये. मी एकाच मल्टिप्लेक्समधली तीन तिकिटं काढली. ‘नवरा माझा नवसाचा 2’ आणि ‘युध्रा’ त्याच दिवशी लागलेले, तर 2018चा ‘तुंबाड’ आदल्या आठवड्यात पुन्हा आलेला. सिनेमे तर बघायचे होतेच, पण तिकीट स्वस्त झालं की कोण येतं, तेही बघायचं होतं.

सकाळच्या खेळाला सरकत्या जिन्यापाशी एक आजी थबकल्या. सुनेनं हात धरला. “आई, उजवा पाय टाका, मी आहे.” दोनदा पाय पुढे आला, दोनदा मागे गेला. मागे रांग थांबली, पण कुणी घाई केली नाही. तिसऱ्यांदा आजी चढल्या आणि वर पोचेपर्यंत त्यांनी कठडा सोडला नाही.

2004च्या ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये नवस फेडायला नवरा-बायको एसटीनं गणपतीपुळ्याला निघतात. आता सचिन पिळगावकरांनी ते कुटुंब कोकण रेल्वेत बसवलंय. पहिल्या भागात एसटीचे कंडक्टर झालेले अशोक सराफ पडद्यावर आले आणि शिट्ट्या वाजल्या. वाजवणाऱ्या होत्या पन्नाशी-साठीच्या बायका! एका विनोदावर आजी जरा उशिरा हसल्या आणि त्यांच्या हसण्याला सगळी रांग पुन्हा हसली. सुरुवातीला लोक एवढं हसत, की पुढचं वाक्य बुडून जाई. नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत थांबतो, पडद्यावरच्याला ती सोय नाही. मध्यंतरानंतर मात्र हसू आखूड झालं. पुढचं वाक्य चुकू नये म्हणून दोन-अडीचशे अनोळखी माणसं आपोआप एका लयीत आली होती. घरी टीव्हीपुढे हे कुठलं घडायला?

शेवटची नावं सरकू लागली आणि बाजूचं दार उघडलं. काळ्या पिशव्या आणि झाडू घेतलेली चार माणसं दाराशी उभीच होती. पुढचा खेळ वीस मिनिटांवर. वरच्या रांगेपासून खाली यायचं. एकानं खुर्च्यांखालचे पॉपकॉर्न ओढायचे, दुसऱ्यानं ग्लास आणि पुडे उचलायचे. चष्म्याची डबी आणि लहान मुलाचा एक बूट निघाला. दोन्ही वेगळ्या पिशवीत गेले. त्यांच्यातल्या एक ताई म्हणाल्या, “शेवटची पाच मिनिटं सगळ्या सिनेमांची पाहिलीत. सुरुवात एकाचीही नाही.”

पूर्वी शुक्रवारच्या आधी थिएटरवर रिळांची पेटी यायची. सुमारे 2000 फुटांचं एक रीळ वीस-बावीस मिनिटं चाले. गावोगावी एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवायची, तर एकीकडे संपलेलं रीळ सायकलवरून दुसरीकडे धाडत. आता सिनेमा हार्ड डिस्कवर कुलूपबंद येतो. त्याची डिजिटल किल्ली ठरलेल्या मशीनवर आणि ठरलेल्या मुदतीतच चालते. सायकलवाला गेला, पेटी गेली. झाडू घेऊन दाराशी थांबणारी माणसं मात्र तिथेच आहेत.

दुपारी ‘युध्रा’ला कॉलेजची पोरं घोळक्यानं आली. दिग्दर्शक रवी उद्यावर, ‘मॉम’वाले. या खेळाला मी अधूनमधून पडद्यापेक्षा अंधाराकडेच बघत होते. मारामारी रंगली की अंधार अखंड. गोष्ट रेंगाळली की आधी एक मोबाईल उजळतो, मग तीन, मग सगळ्या रांगेत काजवे. पडद्यानं पकड कधी सोडली, हे इतकं नेमकं कुठलंही परीक्षण सांगत नाही.

रात्री ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला, आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेलं. त्यातला वाडा सासवडचा, म्हणजे माझ्या घरापासून तासाभरावरचा. खऱ्या पावसासाठी चित्रीकरण अनेक पावसाळे चाललं. 2018 मध्ये थिएटरांत गर्दी झाली नव्हती. नंतर ज्यांनी तो मोबाईलवर पाहिला, तेच आता मोठ्या पडद्यावर बघायला येत होते, आणि या दुसऱ्या फेरीनं कमाईत पहिलीला मागे टाकलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलाला संवाद पाठ होते. पण पडद्यावर पाऊस सुरू झाला आणि तोही गप्प झाला. अखेरपर्यंत एकही मोबाईल उजळला नाही.

रोज 99 रुपयांत थिएटर चालणार नाही, हे मलाही कळतं. पण आठवड्यातली एक सकाळ, एक दुपार तरी अशी ठेवता येईल. प्रेक्षक दुरावला, असं आपण फार चटकन म्हणतो. जिन्याशी दोनदा थबकून तिसऱ्यांदा चढलेल्या आजींना मी पाहिलंय. त्यांना येता येईल एवढं दार उघडं ठेवायला हवं.

‘तुंबाड’ संपला, दार उघडलं. सकाळच्याच ताई पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “याची सुरुवात कशी हो?” मी जिन्यावरच थांबले आणि सांगू लागले. धो धो पाऊस, गावाबाहेरचा एकाकी वाडा, आणि घरात साखळीनं बांधून ठेवलेली एक म्हातारी. त्यांचा झाडू थांबला.

“मग?”