जुनी तबकडी: घेताना आणि पुसताना

माझं घर तंजावरचं. सुट्टीत गेलो असताना आजोबांची अब्दुल करीम खाँ यांची तबकडी मी स्पिरिटने चोळून पुसली. बक्कल चमकवायची सवय! कापूस काळा झाला. वाटलं, मळ निघाला. पण निघत होती ती तबकडीच. उरली नुसती खरखर. खाँसाहेब १९३७ साली गेले. आता ते गाणं नव्याने कोण गाणार? आजोबा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

मग त्यांनीच शिकवलं. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी बहुतेक लाखेची असते. ती जड असते, पडली की फुटते आणि तिची लाख स्पिरिटमध्ये विरघळते. १९४८ मध्ये निघालेली ३३⅓ फेऱ्यांची एलपी विनाइलची. ती हलकी, जरा वाकणारी.

विकत घेताना तबकडी कडेने धरून उजेडात तिरपी करा. तडा, नखाला लागणारा ओरखडा दिसला तर परत ठेवा. खाचा करड्या पडल्या असतील तर ती झिजली आहे. धूळ जाते, झीज जात नाही.

धुताना डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब घाला. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवा नाही. मधला कागद कोरडा ठेवा. साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून सावलीत उभी सुकवा.

राजवाड्याजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानात आम्ही ती तबकडी शोधली. ती मिळाली नाही, दुसरी मिळाली. आजोबांनी ती धुवायला माझ्याच हातात दिली.