गाडी उंच केली म्हणून ऑफ-रोडला भारी होत नाही. खरा खेळ चाकाच्या 'ट्रॅव्हल'चा असतो

पावसाळा सुरू झाला की इन्स्टाग्रामवर एक ठरलेलं रील फिरायला लागतं. चिखलाची वाट, उंच केलेली थार किंवा गुरखा, तिचं एक पुढचं चाक हवेत आणि खाली कमेंट, 'काय सस्पेन्शन आहे भावा!'

पण चाक हवेत गेलंय याचा अर्थ नेमका उलटा असतो. सस्पेन्शन संपलं, म्हणून चाक उचललं गेलं. चांगल्या सस्पेन्शनच्या गाडीचं चाक खड्ड्यात खाली उतरतं, दगडावर वर चढतं आणि शक्य तितका वेळ जमिनीला चिकटून राहतं. या वर-खाली होण्याच्या अंतराला म्हणतात 'व्हील ट्रॅव्हल'.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात हा विषय फक्त रीलपुरता नाही. गुरखा बनवणाऱ्या फोर्स मोटर्सचं मुख्यालय आकुर्डीत आहे. १९९८ मध्ये आलेली टाटा सफारी पिंपरीच्या कारखान्यातली. शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचं नोंदणीकृत कार्यालय पुणे-नाशिक महामार्गावर कुरुळीत आहे. दिवसभर कंपनीत गाड्यांचे पार्ट बनवायचे आणि रविवारी स्वतःची फोर बाय फोर घेऊन मुळशी-ताम्हिणीकडे निघायचं, असा शौक इथे अनेकांना आहे. त्यातूनच 'दोन इंच लिफ्ट मारून घे' हा सल्लाही सर्रास मिळतो.

या लिफ्टने ट्रॅव्हल वाढतो का? बहुतेक वेळा नाही. कधी कधी तर कमी होतो. कसा, ते समजून घेऊ.

चाक जमिनीवर राहणं इतकं महत्त्वाचं का?

याचं उत्तर डिफरन्शियलमध्ये आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. मात्र साधं, म्हणजे 'ओपन' डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतं. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरवायला जवळपास काहीच जोर लागत नाही. मग दुसऱ्या, जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. हवेतलं चाक गरागरा फिरतं आणि गाडी जागेवरच.

'पण गाडी फोर बाय फोर आहे ना?' बरोबर. एका ॲक्सलने दगा दिला तर दुसरा ओढतो. पण वाट अशी असेल की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी लटकलं, तर दोन्ही ॲक्सल निकामी होतात. याला ऑफ-रोडवाले 'क्रॉस-ॲक्सल' म्हणतात. चार चाकांना ताकद देणारी गाडी दोन खड्ड्यांमुळे अडकते ती अशी.

यावर उपाय दोन. पहिला, चाक हवेत जाऊच द्यायचं नाही, म्हणजे ट्रॅव्हल. दुसरा, हवेत गेलं तरी दुसऱ्या चाकाला जोर मिळत राहील अशी सोय, म्हणजे डिफरन्शियल लॉक.

ट्रॅव्हलचं गणित

गाडी सपाट जागेवर उभी असताना चाक मधल्या कुठल्यातरी जागी असतं. तिथून वर दाबलं जायला जी जागा असते तिला 'बंप' म्हणतात आणि खाली लटकायला जी जागा असते तिला 'ड्रूप'. दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण ट्रॅव्हल.

वरची मर्यादा बंप स्टॉप, म्हणजे रबराचा ठोकळा ठरवतो. खालची मर्यादा बहुतेक गाड्यांत शॉकअपची लांबी ठरवते. शॉकअप पूर्ण ताणला गेला की चाक त्याखाली जात नाही.

समजा, एका गाडीचा एकूण ट्रॅव्हल २०० मिमी आहे. १०० वर, १०० खाली. आता स्प्रिंगखाली स्पेसर टाकून किंवा उंच स्प्रिंग बसवून गाडी ५० मिमी उचलली, पण शॉकअप कंपनीचाच ठेवला. खालची मर्यादा जिथे होती तिथेच राहिली. गाडीची उभी राहायची जागा मात्र ५० मिमीने वर सरकली. म्हणजे आता वर १५० आणि खाली फक्त ५०. बेरीज तीच, २००.

गाडी उंच दिसते, पोटाला दगड कमी लागतात, हे खरं. पण खड्ड्यात उतरायची चाकाची जागा निम्मी झाली. आधी जे चाक जमिनीला टेकायचं, ते आता हवेत राहतं. त्यात नवीन स्प्रिंग जास्त कडक असेल तर वरची १५० मिमीही पूर्ण वापरली जात नाही.

काही किटमध्ये स्पेसर शॉकअपच्या वरच्या टोकाला बसवतात. त्यात चाक खाली जास्त लटकतं, पण एकूण ट्रॅव्हल तेवढाच राहतो. शिवाय ड्राइव्ह शाफ्ट आणि बॉल जॉइंट ज्या कोनासाठी बनलेत, त्यापेक्षा जास्त वाकतात आणि लवकर जातात.

जुन्या जीपमध्ये हाच प्रकार पाट्यांचा व्हायचा. गाडी बसली की एक पाटा जास्त टाकायचा. ओझं वाहायला ते ठीक, पण जितके पाटे जास्त तितकी कमान कडक आणि चाकाची हालचाल कमी.

कोणत्या गाडीत काय येतं?

२०१० च्या थारला मागे पाटे होते आणि पुढे टॉर्शन बारवर चालणारं इंडिपेंडंट सस्पेन्शन. २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या नव्या थारमध्ये पुढे डबल विशबोन आणि मागे सलग ॲक्सल, दोन्हीकडे कॉइल स्प्रिंग. गुरखाची २०२१ पासूनची रचनाही साधारण अशीच आहे. २०२३ ला आलेल्या मारुती जिम्नीत मात्र पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहेत.

फरक काय पडतो? सलग ॲक्सल तराजूच्या दांडीसारखा वागतो. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये दोन्ही चाकं आपापली हलतात. रस्त्यावर ते आरामदायी आणि स्थिर, पण आर्म आखूड असल्याने चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी मिळते.

म्हणून फोर्सने गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक दिले. थारच्या काही व्हेरियंटमध्ये मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल येतं. जिम्नीत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळवणारी यंत्रणा आहे. जिथे ट्रॅव्हल संपतो, तिथून ही साधनं काम सुरू करतात.

ट्रॅव्हल मोजतात कसा?

यासाठी जगभर एक साधी चाचणी वापरतात, रॅम्प ट्रॅव्हल इंडेक्स. याचंही लघुरूप आरटीआय, पण माहिती अधिकाराशी संबंध नाही. २० अंशांच्या उतारावर गाडीचं एकच पुढचं चाक चढवत न्यायचं. बाकीच्या तीनपैकी एखादं चाक उचललं जाणार, त्या क्षणी थांबायचं. चढलेलं अंतर भागिले व्हीलबेस, गुणिले १०००.

तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिमी आहे. अशी गाडी समजा उतारावर १२२५ मिमी चढली, तर गुण झाले ५००. आकडा जितका मोठा, तितकी चाकं जास्त वेळ जमिनीवर.

रॅम्प नसेल तर गॅरेजमध्येही अंदाज येतो. गाडी सपाट उभी असताना चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. मग चेसिसला जॅक लावून, खाली स्टँड देऊन, चाक पूर्ण लटकू द्यायचं आणि पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ड्रूप. लिफ्टच्या आधी आणि नंतर हे मोजलं तर पैसे कशाचे दिले ते लगेच कळतं.

मग ट्रॅव्हल खरंच वाढतो कशाने?

लांब शॉकअप, त्याला साजेशी लांब पण मऊ स्प्रिंग आणि लांब कंट्रोल आर्म, या तिघांनी मिळून. पण एक वस्तू बदलली की तिच्या मागोमाग बाकीच्या येतात. चाक जास्त खाली जाणार असेल तर ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर तेवढी लांब हवी, नाहीतर ऐन चढावर ब्रेक पाइप ताणून तुटतो. चाक जास्त वर जाणार असेल तर टायर फेंडरला घासतो का ते पाहावं लागतं. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन बदलतो. पुढचा सलग ॲक्सल खाली गेला की कॅस्टर बिघडतो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भरकटायला लागतं.

दुसरा अडथळा अँटी-रोल बारचा. हा बार डावं आणि उजवं चाक एकमेकांना बांधून ठेवतो, म्हणून वळणावर गाडी कमी झुकते. पण दगडांत तोच चाकाला मोकळं हलू देत नाही. २०२१ पासून पुणे जिल्ह्यातल्याच रांजणगावात जुळणी होणाऱ्या जीप रँग्लरच्या रुबिकॉनमध्ये पुढचा बार एका बटणाने सुटतो, तोही कमी वेगात वापरण्यासाठी. कारण बार सुटलेला असताना हायवेवर गाडी मारणं म्हणजे धोक्याला आमंत्रण.

उंचीची किंमत घाटात मोजावी लागते

वळणावर गाडी उलटेल की नाही, हे ढोबळमानाने एका भागाकारावर ठरतं. दोन चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा रुंदी १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर, तर उत्तर येतं १.०७. तोच ५० मिमी वर गेला तर उत्तर १.००. म्हणजे दोन इंचांत जवळपास सात टक्के स्थिरता गेली. चिखलात पाच किलोमीटर वेगाने हे जाणवत नाही. परतताना ताम्हिणीच्या ओल्या वळणावर अचानक समोर बस आली की जाणवतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, नोंदणीतला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीत कलम १८२अ आलं. त्यानुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

यामागे कारण आहे. कुठलंही मॉडेल विक्रीला येण्याआधी पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून तपासून घ्यावं लागतं. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे हे सगळं त्या ठरावीक उंचीवर तपासलेलं असतं. उंची बदलली की ती तपासणी त्या गाडीला लागू राहत नाही. बदल कळवला नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि सस्पेन्शनची वॉरंटीही धोक्यात येते.

मग स्पर्धेतल्या गाड्यांचं काय? १९९७ मध्ये मलेशियात सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज २०१४ पासून गोव्यातही होते. तिथल्या गाड्या पार बदललेल्या असतात. पण त्या आखलेल्या ट्रॅकवर, हेल्मेट आणि रोल केजसह, बचाव पथकाच्या देखरेखीखाली धावतात. सोमवारी सकाळी त्यातून कुणी मुलांना शाळेत सोडायला जात नाही.

रोजच्या गाडीसाठी काय करता येईल?

बरंच काही, आणि तेही नियमात राहून. गळणारे शॉकअप आणि फाटलेले बुश कंपनीच्या मापाचेच नवीन टाकले तरी चाकावरचं हरवलेलं नियंत्रण परत येतं. वाटेला लागण्याआधी टायरमधली हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो आणि पकड वाढते. डांबरावर येताच ती परत भरायची. गाडी घेतानाच डिफरन्शियल लॉक असलेलं व्हेरियंट निवडलं तर नंतरचा मोठा खर्च वाचतो. आणि चालवायला शिकणं हे सगळ्यात स्वस्त अपग्रेड. इगतपुरीत महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे. कोणता खड्डा तिरका घ्यायचा, कोणता सरळ, हे कळलं की क्रॉस-ॲक्सलची वेळच कमी येते.

तरीही कुणी लिफ्ट किट पुढे केलं, तर पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. शॉकअप किती लांब आहे? ब्रेकचा पाइप तेवढा पुरतो का? ड्रूप आधी किती होता आणि नंतर किती होणार? या तिन्हींचं उत्तर मिळालं नाही, तर समोरचा ट्रॅव्हल विकत नाहीये, फक्त उंची विकतोय.