डेंग्यूचा ताप आणि रक्तातली खूण

घरात कुणाला कडक ताप भरतो. डोळ्यांच्या मागे ठणकते, अंग मोडून येते. डॉक्टर म्हणतात, रक्त तपासू या. घरची माणसं विचारतात, रक्त तर सगळ्यांचं लालच. त्यात काय कळणार?

कळतं ते असं. डेंग्यूचा विषाणू डोळ्यांना दिसत नाही. दिवसा चावणारा एडिस डास तो आपल्या अंगात सोडतो. तिथे त्याची पिलावळ वाढते, आणि वाढताना एक प्रथिन रक्तात उतरते. प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ आठवते. पण प्रथिनांच्या जाती हजारो आहेत. या प्रथिनाचे नाव एनएस-१. निरोगी माणसाच्या रक्तात ते नसते. चोराचे पाऊलच म्हणा ना!

पण पाऊल फार दिवस टिकत नाही. तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत ते चांगले सापडते. तोवर शरीर जागे होते आणि विषाणूला धरणारी स्वतःची प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. त्यांतली आयजीएम नावाची प्रतिपिंडे पाचव्या दिवसानंतर पाहतात. या तपासणीचे साहित्य आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था बनवते. ही संस्था १९५२ सालची. ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयांत ही तपासणी फुकट होते.

आता पाहा, सातव्या दिवशी एनएस-१ शोधले, तर पाऊल पुसलेले असू शकते. दुसऱ्याच दिवशी आयजीएम शोधले, तर ते अजून तयार नसते. कागदावर 'नाही' असे आले, तरी डेंग्यू असू शकतो. म्हणून ताप कोणत्या तारखेला आला, ते डॉक्टरांना नेमके सांगावे. आता आपल्याला लिहिता येतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करून ठेवा.

खूण सापडली म्हणून घाबरू नका. बहुतेक रोगी बरे होतात. विषाणू मारणारे औषध मात्र नाही. भरपूर पातळ पदार्थ, विश्रांती आणि डॉक्टरांची नजर, हाच उपचार. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी मनाने घेऊ नये; तिने रक्तस्राव वाढतो.

आणि ताप उतरला की लोक निर्धास्त होतात. आम्ही सांगतो, खरा धोका तेव्हाच असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत काहींच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागते. पोटात जोराने दुखले, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आले किंवा रोगी गळून पडला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.