न ओढणारा गडी

डोपिंग म्हटले की आपल्याला खेळाडूंची बंदी घातलेली औषधे आठवतात. पदार्थविज्ञानात मात्र तो गुन्हा नाही. स्फटिकात मोजूनमापून परके अणू मिसळायचे आणि त्याचे गुण बदलायचे, एवढाच त्याचा अर्थ. मला यातले सर्वांत आवडते उदाहरण म्हणजे निकेल फेराइटमध्ये घातलेले जस्त.

फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेले चुंबकीय सिरॅमिक. जुन्या रेडिओतली एरियलची काळी कांडी त्याचीच. लोखंडाचा गाभा रेडिओच्या वारंवारतेला आत फिरणाऱ्या भोवरा प्रवाहांनी तापतो. निकेल फेराइट विजेला फारसे वाहूच देत नाही, म्हणून ते तिथे चालते.

आता गंमत पाहा. जस्ताच्या आयनाला स्वतःचे चुंबकत्व शून्य. तरीही ते घातल्यावर फेराइटचे चुंबकत्व वाढते!

फेराइटमध्ये धातूंच्या आयनांना दोन प्रकारच्या जागा असतात. चार ऑक्सिजनांनी वेढलेली ती 'अ', सहांनी वेढलेली ती 'ब'. दोन्हींचे चुंबकत्व परस्परांच्या विरुद्ध दिशेला असते. हे लुई नील यांनी १९४८ मध्ये मांडले. १९७० चे नोबेल पारितोषिक त्यांना अशाच कामासाठी मिळाले.

मी याची कल्पना आपल्या रस्सीखेचीसारखी करतो. लोखंडाच्या गड्याचे बळ ५, निकेलचे २, जस्ताचे ०. निकेल फेराइटचे दहा रेणू घेतले तर 'अ' बाजूला दहा लोखंड, म्हणजे ५०. 'ब' बाजूला दहा लोखंड व दहा निकेल, म्हणजे ७०. फरक २०. आता तीन निकेल काढून तीन जस्त घाला. जस्ताला 'अ' जागा आवडते, त्यामुळे तिथले तीन लोखंड 'ब'कडे ढकलले जातात. 'अ'चे बळ ३५ उरते, 'ब'चे ७९ होते. फरक ४४, दुपटीहून जास्त! (हे गणित अतिथंड तापमानाचे. आणि इतक्या प्रमाणाला डोपिंगपेक्षा प्रतिस्थापन म्हणणे जास्त योग्य.)

मग सगळेच जस्त का घालू नये? कारण समोर ओढणारे कोणी उरले नाही तर दोर सैल पडतो. 'ब'मधले आयन एका दिशेला राहतात ते 'अ'च्या ताणामुळेच. साधारण निम्मे निकेल बदलले की चुंबकत्व पुन्हा घसरू लागते. शुद्ध जस्त फेराइट तर खोलीच्या तापमानाला नावापुरतेही लोहचुंबकासारखे वागत नाही.

उष्णतेचाही हिशेब आहे. निकेल फेराइट सुमारे ५८५ अंश सेल्सिअसपर्यंत चुंबकत्व टिकवते. जस्त वाढेल तशी ही मर्यादा खाली येते. शिवाय जस्त जास्त असलेला गाभा सहज चुंबकित होतो, पण फार उच्च वारंवारतेला साथ देत नाही. उन्हात तापणाऱ्या वायरलेस सेटसाठी गाभा निवडणाऱ्याला या तिन्ही गोष्टी तोलाव्या लागतात.

जस्त खरोखर आत गेले की नाही, हे एक्स-रे सांगतात. जस्ताचा आयन थोडा मोठा असल्याने स्फटिकाच्या एकक पेशीची बाजू निकेल फेराइटमधल्या सुमारे ८.३४ आंगस्ट्रॉमपासून जस्त फेराइटमधल्या ८.४४ पर्यंत हळूहळू फुगत जाते.