पापुद्रा सुटला तर?

गेल्या सत्रात आंतर-हाउस हॉकी सामन्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या हातून हाउसची कार्बनची स्टिक जिन्यावरून खाली पडली. उचलून पाहिली, तर साधा ओरखडाही नव्हता. म्हणून मी कुणाला काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी पेनल्टी कॉर्नर मारताना ती आमच्या कप्तानाच्या हातात मोडली.

अशी स्टिक कंपोझिटची असते. धाग्यांचे पातळ थर रेझिनमध्ये भिजवून, एकावर एक दाबून ती बनवतात. हलकी आणि बळकट. तेजस विमानाच्या सांगाड्याचाही वजनाने सुमारे ४५ टक्के भाग कंपोझिटचा आहे. पण मार बसला, की वरचा थर तसाच राहतो आणि आतले थर भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटू शकतात. डोळ्यांना ते दिसत नाही.

हा दोष शोधण्याची एक पद्धत मला फार आवडली. कंपोझिट बनवतानाच थरांमध्ये ऑप्टिकल फायबर ठेवतात. हा काचेचा तंतू साधारण १२५ मायक्रॉन जाड असतो. त्यात ठरावीक ठिकाणी लेसरने अतिसूक्ष्म रेघा उमटवलेल्या असतात. ती जागा एका विशिष्ट तरंगलांबीचाच प्रकाश परत पाठवते. ऊब वाढली, की ही तरंगलांबीही वाढते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१ नॅनोमीटर! यंत्र एवढासा फरकही मोजते. एकाच तंतूवर असे अनेक संवेदक बसतात.

मग भागाला एका बाजूने हलकी उष्णता देतात. ती थरांतून पलीकडे जाते. थर सुटले असतील तिथे हवेची फट असते, आणि हवा उष्णतेची दुर्वाहक. त्यामुळे फटीच्या अलीकडचा संवेदक शेजाऱ्यांपेक्षा जास्त तापतो, पलीकडचा मागे राहतो. दोष तिथेच!

यात दोन अडचणी आहेत. तंतू ताणला गेला तरी तरंगलांबी बदलते, म्हणून तापमान मोजणारा तंतू बारीक नळीत सैल ठेवता येतो. दुसरी अडचण अशी, की जवळपास संवेदकच नसेल तर दोष निसटू शकतो. म्हणून विमानाच्या पंखावर कुणाच्या हातून पाना पडला, तर त्याने ते लगेच सांगणे फार महत्त्वाचे. कुठे तपासायचे, हे त्यालाच ठाऊक असते.

मी कप्तानाला आठवड्याने खरे सांगितले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "आदल्या दिवशी सांगितलं असतंस, तर मी दुसरी स्टिक घेतली असती."