कमांड पर्याय घेते, पण पाळत नाही

रत्नागिरी जिल्ह्यात ९ तालुके. त्यांची एक साधी फाइल आहे असं धरा. प्रत्येक ओळीत गावाचं नाव, मग एक जागा सोडून पिनकोड: रत्नागिरी ४१५६१२, चिपळूण ४१५६०५, दापोली ४१५७१२, राजापूर ४१६७०२ वगैरे. ही यादी एक्सेलमध्ये घ्यायची, तर मोकळ्या जागेऐवजी स्वल्पविराम हवा. लिनक्सवर अशा कामासाठी ऑक ही कमांड आहे. छापताना दोन रकान्यांमध्ये काय घालायचं हे तिच्यात ओएफएस ठरवतं आणि माहितीपुस्तिकेत ते स्वच्छ लिहिलेलं आहे. ओएफएसला स्वल्पविराम दिला, ‘ओळ छाप’ म्हटलं, एंटर दाबलं. ओळी होत्या तशाच बाहेर आल्या. स्वल्पविराम नाही, चूक झाल्याचा संदेश नाही, आणि कमांडने परत दिलेला आकडा शून्य, म्हणजे सगळं ठीक.

ऑक बिघडलेली नाही. आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेली ही भाषा पहिल्यापासून अशीच वागते. ओळ वाचली की ती अख्खी ओळ जशीच्या तशी डॉलर-शून्यात ठेवते आणि तिचे तुकडे डॉलर-एक, डॉलर-दोन असे वेगळे मोजते. नुसतं ‘छाप’ म्हटलं की डॉलर-शून्य बाहेर पडतं. तिथे जोडण्यासारखं काहीच नसतं, त्यामुळे ओएफएसची गरजच लागत नाही. एखाद्या रकान्यात बदल झाला तरच ऑक ओळ नव्याने बांधते, आणि बांधताना ओएफएस वापरते. म्हणून जाणकार ‘डॉलर-एक बरोबर डॉलर-एक’ असं एक वरवर वेडगळ दिसणारं वाक्य आधी लिहितात. पहिल्या रकान्याला त्याचीच किंमत पुन्हा दिली, की स्वल्पविराम उमटतात.

यामागची रचना बहुतेक कमांडमध्ये सारखीच असते. कमांड सुरू झाली की ती आधी सगळे पर्याय एका दमात वाचून घेते. अनोळखी पर्याय दिसला तर तिथेच ओरडून थांबते. ओळखीचा असेल तर आत एक खूण करून ठेवते: ‘ओळ क्रमांक दाखव: हो’. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि कामाच्या वाटेत ती खूण कुणी विचारली तरच पर्याय लागू होतो. कामाची वाट दुसरीकडून गेली, तर खूण तशीच पडून राहते. सरकारी कचेरीत अर्जावर आवक शिक्का बसतो, पण म्हणून अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला असं होत नाही, तसंच हे.

फाइलीतल्या ओळी शोधणाऱ्या ग्रेप कमांडमध्ये हे लगेच दिसतं. आपल्या फाइलीत ४१६ ने सुरू होणारे पिनकोड किती, असं मोजणीचा पर्याय देऊन विचारलं तर उत्तर २ येतं: लांजा आणि राजापूर. (बाकीचे सात साताऱ्यासारखे ४१५ मध्ये, हे दोन मात्र कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या ४१६ मध्ये. टपालाचा नकाशा जिल्ह्याच्या हद्दी पाळत नाही.) मोजणीबरोबर ओळ क्रमांकही मागितला, तरी उत्तर नुसतं २. मोजणी मागितली की ग्रेप ओळी छापतच नाही, मग क्रमांक कशाला चिकटवणार? कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासातही तेच. तारीख कशी दाखवायची याचा वेगळा पर्याय आहे, पण स्वतःच्या साच्यात ‘टक्का-सी-आय’ लिहिलं असेल तर तो चालत नाही, कारण त्या चिन्हाने तारखेचं रूप आधीच ठरवलेलं असतं. तिथे ‘टक्का-सी-डी’ लिहावं लागतं.

मराठी माणसाला या गप्पपणाचा खरा त्रास होतो तो भाषेच्या बाबतीत. लिनक्सच्या जी-लिबसी या मूळ ग्रंथालयात भारतातल्या मराठीसाठी ‘एमआर अंडरस्कोर आयएन’ नावाचं लोकेल, म्हणजे त्या भाषेच्या रीतींचा संच, आहे. लँग या चलाला ते नाव देऊन डेट कमांड चालवली, तर वार आणि महिना देवनागरीत यायला हवेत. पुष्कळदा ते इंग्रजीतच येतात, आणि कारणं दोन असतात. एक, चलांची उतरंड: सर्वांत वर एलसी-ऑल, मग एलसी-टाइमसारखी एकेका विषयाची चलं, सर्वांत खाली लँग. वर काही भरलेलं असेल तर खालचं कुणी पाहत नाही. दोन, ते लोकेल त्या यंत्रावर तयारच केलेलं नसतं. डेट ते मागते, ग्रंथालय नाही म्हणतं, आणि डेट निमूटपणे सी या मूळ, इंग्रजी लोकेलवर काम उरकते. पर्ल ही भाषा अशा वेळी निदान ठळक इशारा देते. संदेशांच्या भाषांतरासाठी लँग्वेज नावाचं आणखी एक चल आहे. लोकेल सी असेल तर तेही दुर्लक्षिलं जातं. उपाय सोपा आहे. ‘लोकेल’ कमांडला ‘ए’ पर्याय देऊन यादी पाहा. मराठी नसेल तर डेबियनमध्ये इटीसी फोल्डरातल्या लोकेल-डॉट-जेन फाइलीतली मराठीची ओळ खुली करा आणि लोकेल-जेन ही कमांड चालवा.

हे गप्प राहणं जुन्या युनिक्सच्या शिस्तीतलं आहे: काम झालं तर बोलू नये, कारण एका कमांडचं छापलेलं दुसरीच्या पोटात जातं आणि जादा शब्द तिथे घाण करतो. मला ही सबब पटत नाही. तक्रारीसाठी वेगळा प्रवाह फार पूर्वीपासून आहे, आणि तो पुढच्या कमांडकडे जात नाही. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरने हे केलं आहे: यादी फक्त क्रमांकांची मागितली आणि वर स्वतःचा साचाही दिला, तर ‘साचा सोडून देत आहे’ असा इशारा तो त्या प्रवाहावर देतो. एका ओळीचं काम आहे.

तोवर परतीच्या शून्यावर विसंबू नका. नवा पर्याय वापरताना दोन-चार ओळींच्या फाइलीवर कमांड एकदा पर्यायासह आणि एकदा पर्यायाशिवाय चालवा, दोन्ही निकाल साठवा आणि फाइली ताडणाऱ्या सीएमपी कमांडने ताडून पाहा. सीएमपी काहीच बोलली नाही, तर दोन्ही निकाल एकच आहेत आणि तुमच्या पर्यायाने त्या फाइलीवर काहीच फरक पडलेला नाही.